संशोधनासाठी देणगी : पाटी, यंत्र की माणूस?

आपल्या भागातल्या आजारांवर आपल्याच भागात संशोधन व्हावे, त्यासाठी पैसे द्यायची तयारी आहे. पण ते कुणाकडे, कोणत्या नावाने आणि कोणत्या अटीवर द्यायचे, हे विचारणारी पत्रे या वेळी निवडली आहेत. करासंबंधीची उत्तरे आयकर कायदा १९६१ मधल्या परिचित कलमांच्या आधारे दिली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्यावर कलमांचे क्रमांक बदलतात. त्यामुळे पावतीवर वेगळा आकडा दिसला तर दचकू नका, संस्थेकडून जुन्या क्रमांकाशी मेळ घालून मागा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आईच्या नावाने दहा लाख रुपये एखाद्या मेडिकल कॉलेजात सिकलसेलच्या (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) संशोधनासाठी कायम ठेव म्हणून द्यावेत, मुद्दल तसेच राहावे आणि व्याजातून दरवर्षी काम चालावे, असे मनात आहे. योग्य होईल का? (चंद्रपूर)

हेतूबद्दल प्रश्नच नाही, हिशेब मात्र जमत नाही. सात टक्के व्याज धरले तर दहा लाखांवर वर्षाला ७०,००० रुपये येतात. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागांच्या दराने कनिष्ठ संशोधन अधिछात्राला, म्हणजे जेआरएफला, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. तुमच्या व्याजात एका जेआरएफचे दोन महिनेही निघत नाहीत. मग अशा व्याजाचे होते काय? वर्षातून एक स्मृती-व्याख्यान, शाल-श्रीफळ, एखादे पदक. त्यात वाईट काही नाही, पण त्याला संशोधन म्हणता येत नाही. शिवाय व्याज तेवढेच राहते आणि पगार वाढत जातात, त्यामुळे दहा वर्षांनी पदकही परवडेनासे होते.

हेच दहा लाख दोन वर्षांत खर्चायला दिले, तर ३७,००० गुणिले २४ म्हणजे ८,८८,००० होतात आणि लहान शहराच्या दराने घरभाडे भत्ता धरूनही एक पूर्ण माणूस दोन वर्षे उभा राहतो. मुद्दल संपते, हे खरे. पण दोन वर्षांच्या कामातून निघालेला निष्कर्ष छापला गेला, की तो मुद्दलापेक्षा जास्त टिकतो. कायम ठेवीचा विचार रक्कम पन्नास लाखांच्या पुढे असेल तरच करावा, असे आमचे मत आहे.

आता सिकलसेलबद्दल. बोटातून थेंबभर रक्त घेऊन विद्राव्यता चाचणी करणे, ती गढूळ आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनी माणूस वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस) हे ठरवणे, याला तपासणी म्हणतात. ते काम सरकारी मोहिमेत येते. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम त्यासाठीच सुरू झाली. संशोधन त्याच्या पुढे सुरू होते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध कोणत्या मुलांना किती मात्रेत मानवते, वेदनेचे झटके कोणत्या ऋतूत वाढतात, ताप आल्यावर मूल दवाखान्यात किती तासांनी पोचते, अशा प्रश्नांना तीच ती मुले दोन-तीन वर्षे पुन्हा पुन्हा भेटावी लागतात.

असे अभ्यास बहुतेक वेळा इथेच बुडतात. २०० मुले नोंदवली आणि ६० पुन्हा आलीच नाहीत, तर उरलेल्या १४० वरून ठामपणे काही सांगता येत नाही, कारण गळालेली मुले सर्वांत आजारी होती की सर्वांत ठणठणीत, हेच कळत नाही. ती ६० घरे शोधायला मोठे यंत्र लागत नाही. लागते ती गावची भाषा बोलणारी कार्यकर्ती, तिचे मानधन, एसटीचे भाडे आणि रिचार्ज केलेला फोन. सरकारी अनुदानात या खर्चाला कात्री आधी लागते.

आणखी एक जागा आहे, ती फारशी कुणाला सुचत नाही. सरकारी अनुदान हप्त्याने येते. आधीच्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र (कार्यालयात सगळे त्याला यूसीच म्हणतात) गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही आणि मध्ये तीन-चार महिने कोरडे जातात. त्या काळात पगार थांबतो, शिकवून तयार केलेला माणूस दुसरी नोकरी धरतो आणि नवा येईपर्यंत नोंदींत खड्डा पडतो. ‘हप्ता येईपर्यंत पगार द्यावा, हप्ता आला की रक्कम निधीत परत भरावी’ अशा अटीचा दोन-तीन लाखांचा फिरता निधी एकामागून एक कित्येक अभ्यास तारू शकतो. अनुदानाच्या अटींत अशी परतफेड बसते का, हे तेवढे संस्थेच्या लेखा विभागाकडून आधी लेखी घ्या. आईंचे नाव या निधीला द्या. पदकापेक्षा ते जास्त वेळा उच्चारले जाईल.

प्रश्न : आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटाने कॉलेजच्या प्रयोगशाळेला उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर भेट द्यायचे ठरवले आहे. घेताना काय पाहावे? (सोलापूर)

आधी फ्रीझर सोडून खोली पाहा. हा फ्रीझर सहसा एका कॉम्प्रेसरवर चालत नाही, त्याला बहुधा एकापुढे एक असे दोन असतात आणि आतली उष्णता तो खोलीत ओततो. सोलापूरच्या मे महिन्यात बंद खोलीत ठेवला तर कॉम्प्रेसर विश्रांती न घेता चालतो आणि लवकर मरतो. म्हणून खोलीला एसी, भिंतीपासून अंतर, नीट अर्थिंग असलेली स्वतंत्र वीजजोडणी आणि स्टॅबिलायझर ही खरेदीचीच अंगे समजा.

दुसरा प्रश्न जनरेटरचा. ‘आमच्याकडे जनरेटर आहे’ असे उत्तर हमखास मिळते. तो कोणत्या लाइनला जोडलेला आहे, ते विचारा. बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियागृह आणि आयसीयू त्यावर असतात, प्रयोगशाळेचा मजला नसतो. शनिवारी रात्री वीज गेली आणि सोमवारी सकाळी कुलूप उघडले, तर पाच वर्षांचे नमुने पाण्यात. फ्रीझरमध्ये पाणी झाले आणि वीज आल्यावर पुन्हा गोठले, तर बाहेरून काहीच कळत नाही. निकाल चुकीचे यायला लागले की मग शोधाशोध होते. तापमान वर गेल्यावर तीन वेगवेगळ्या माणसांच्या फोनवर संदेश पाठवणारा अलार्म घ्या. एकाच फोनवर नको, तो माणूस रजेवर असतो.

तिसरे, देखभाल करार. साध्या वार्षिक देखभाल करारात, म्हणजे एएमसीत, फक्त कारागिराचे येणे-जाणे आणि मजुरी येते, सुटे भाग येत नाहीत. कॉम्प्रेसर गेला तर लाखाच्या घरातला खर्च पुन्हा दारात. सुट्या भागांसह असलेला करार, म्हणजे सीएमसी, पाच वर्षांसाठी किती पडेल हे खरेदीच्या कोटेशनमध्येच लिहून घ्या. यंत्र बसल्यावर विचाराल तर भाव वेगळा ऐकू येतो. वॉरंटी संपल्यावर करार न झाल्याने कोपऱ्यात उभी राहिलेली, वर कागदांचे गठ्ठे ठेवलेली यंत्रे कोणत्याही सरकारी कॉलेजात दिसतील. प्रत्येकावर देणगीदाराची पितळी पाटी असते.

देण्याची पद्धतही सांभाळा. यंत्र स्वतः विकत घेऊन दिले तर आयकराच्या कलम ८०जी खाली वजावट मिळत नाही, ती फक्त पैशातल्या देणगीला आहे. संस्थेच्या खात्यात रक्कम द्या, खरेदी संस्थेच्या नावाने होऊ द्या. बिल संस्थेच्या नावावर असले की वॉरंटीचा वादही उरत नाही. सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजात अधिष्ठात्यांची लेखी मंजुरी आधी घ्या आणि यंत्र डेडस्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढल्याची नोंद मागा. नोंद नसलेल्या यंत्राच्या दुरुस्तीचे बिल कुठल्याच टेबलावरून पुढे सरकत नाही.

हे सगळे वाचून बजेट दीडपट होईल. तेवढे जमत नसेल तर नवा फ्रीझर देऊ नका. आहे त्या फ्रीझरची पाच वर्षांची सीएमसी भरा. त्यावर पाटी लावता येत नाही, एवढीच अडचण.

प्रश्न : औषध कंपन्यांकडे एवढा पैसा आहे, सरकारही आहे. मग सामान्य माणसाने संशोधनासाठी हात का सैल करावा? (ठाणे)

कारण कंपनीला विकण्यासारखे काही मिळणार नसेल, तर ती त्या प्रश्नाकडे वळत नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन वापरून दाखवले. हे रक्तदाबाचे जुने, स्वस्त औषध. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरते. प्राझोसिन तो आवळ सोडवते. या औषधाच्या नव्या उपयोगातून कुणाला पेटंटची कमाई होणार नव्हती.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, ३९ गावांत हे काम केले आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. यात विकायला गोळीसुद्धा नव्हती.

तिसरे, टाटा मेमोरियलने पुढाकार घेतलेला, देशातल्या ११ केंद्रांमधला अभ्यास. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेन टोचले, तर फायदा होतो का? होय, पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. लिडोकेन म्हणजे दात काढताना टोचतात ते. त्याच्या विक्रीवर असा अभ्यास कोण उभा करील?

सरकार पैसा देते, त्याचा वाटा मोठा आहे. पण सरकारी पैसा सिद्ध होत आलेल्या कल्पनेला सहज मिळतो. ती कल्पना खरी असण्याची शक्यता आहे का, हे तपासणारा पहिला छोटा अभ्यास, चाळीस-पन्नास रुग्णांचा, तिथे खासगी देणगी सर्वांत उपयोगी पडते. तो फसलाही तर चालते. ‘हे चालत नाही’ हेही उत्तरच आहे. फसण्याची तयारी नसलेल्या देणगीदाराने रुग्णालयाला खाटा द्याव्यात.

प्रश्न : संस्था खरोखर संशोधन करते की नुसतेच माहितीपत्रकात लिहिते, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे? (नाशिक)

चार कागद मागा. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. हिशेबात ‘संशोधन’ अशी खर्चाची वेगळी ओळ आहे का आणि तिच्यात काय आहे ते पाहा. परिषदा, प्रवास आणि जेवणावळीच भरल्या असतील तर उत्तर मिळाले. नंतर नैतिकता समितीचे मंजुरीपत्र: माणसांवरचा कोणताही अभ्यास तिच्याशिवाय सुरू होत नाही आणि ती समिती केंद्र सरकारकडे नोंदलेली असावी लागते. पत्रावर अभ्यासाचे नाव, तारीख आणि मुदत असते. मुदत संपलेले पत्र बऱ्याचदा पुढे सरकवले जाते.

उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय, म्हणजे भारताच्या क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही, पाहा. ती २००७ मध्ये सुरू झाली, १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. तिथे कुणालाही फुकट शोधता येते. पहिला रुग्ण घेण्याच्या आधी नोंद झाली की नंतर, हे तिथे दिसते. नंतर झाली असेल तर का, हे विचारा. पुरेसे कारण नसेल, तर निकाल पाहून प्रश्न बदलल्याची शंका घ्यायला जागा राहते.

एक सूचना वेगळी. रुग्णालयात ‘निर्धन रुग्ण निधी’ असतो: महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम त्यात टाकायची आणि दहा टक्के खाटा निर्धनांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, अशी योजना आहे. तो उपचाराचा निधी आहे. ‘रुग्णसेवा व संशोधन’ असा जोडशब्द पावतीवर असेल, तर पैसे पहिल्या शब्दाकडेच जातात असे धरून चाला. आणि धनादेश डॉक्टरांच्या नावाने कधीही नको, ते कितीही सज्जन असले तरी.

प्रश्न : देणगीपत्रात नेमके काय लिहून घ्यायचे? (सांगली)

अभ्यासाचे नाव, रक्कम, हप्ते आणि मुदत हे सगळेच लिहितात. राहते ते असे: मुख्य संशोधकाची बदली झाली तर काय? सरकारी कॉलेजांत बदल्या होतातच. पैसे त्याच्याबरोबर जातील, की विभागात दुसरा प्रमुख नेमला जाईल, की उरलेली रक्कम कोणत्या दुसऱ्या कामाला वळेल? संस्थेचा प्रशासकीय खर्च किती टक्के कापला जाईल, हा आकडा असावा. पहिला हप्ता माणूस रुजू झाल्यावर, दुसरा ठरलेल्या संख्येइतके रुग्ण नोंदल्यावर, असे हप्ते तारखेला न बांधता कामाला बांधावेत. आणि निकाल काहीही आला तरी तो प्रसिद्ध होईल, देणगीदार त्यात हात घालणार नाही, ही ओळ दोन्ही बाजूंना वाचवते. रुग्णांची नावे पाहण्याचा हक्क देणगीदाराला नसतो. अहवालात संख्या मागा, माणसे मागू नका.

प्रश्न : एक लाख रुपये दिले तर कर किती वाचेल? (पुणे)

नवी करप्रणाली निवडली असेल तर काहीच नाही. जुनी असेल तर साधारण असे. समजा उत्पन्न (इतर वजावटी जाऊन) आठ लाख आहे. बहुतेक संस्थांना ८०जी खाली उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा लागते, म्हणजे ८०,००० धरले जातील आणि त्याच्या निम्मे, ४०,०००, वजा होतील. २० टक्के दराने आणि ४ टक्के उपकर धरून वाचले ८,३२०. हीच रक्कम कलम ३५(१)(ii) खाली मान्यता असलेल्या संशोधन संस्थेला दिली आणि तुम्हाला धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसेल, तर कलम ८०जीजीए खाली पूर्ण एक लाख वजा होतात, वाचले २०,८००. दोन्हीकडे २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका, वजावट मिळत नाही.

संस्थेने छापलेली पावती पुरेशी नाही, फॉर्म १०बीई (देणगीचे प्रमाणपत्र) लागतो. संस्था ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे देणगीदारांचे विवरण (१०बीडी) भरते आणि त्यातून तो निघतो. पॅनचा एक अंक चुकला तर तुमची देणगी दुसऱ्याच्या नावावर जाते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रमाणपत्र मागून जुळवून पाहा. संस्थेची ८०जी मान्यताही मुदतीची असते, तिची अखेरची तारीख देण्याआधी बघा.

‘लाख द्या, कमिशन कापून बाकी रोख परत न्या’ असे सांगणारा कुणी भेटला तर उठून या. संशोधनाच्या देणगीवर पूर्वी दीडपट, पावणेदोनपट वजावट मिळे, तेव्हा हा धंदा फोफावला होता. आयकर विभागाने अशा देणगीदारांनाही सोडलेले नाही.

प्रश्न : मला गुप्तदान करायचे आहे. देवळाच्या पेटीत टाकतो तसे संशोधन संस्थेला देता येईल? (कोल्हापूर)

देवळाची पेटी चालते कारण निव्वळ धार्मिक संस्थांना निनावी देणगीवरच्या करातून सूट आहे. इतर धर्मादाय संस्थेकडे दात्याचे नाव-पत्ता नोंदलेला नसेल, तर एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांतल्या मोठ्या रकमेपलीकडच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर बसतो. म्हणजे तुमच्या गुप्तदानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा सरकारला. नाव, पत्ता, पॅन संस्थेच्या दप्तरी द्या आणि अहवालात व फलकावर नाव छापू नये असे पत्र जोडा. गुप्तताही राहते, पैसेही पूर्ण पोचतात.

प्रश्न : अमेरिकेतला भाचा पैसे पाठवू इच्छितो. माझ्या खात्यातून पुढे दिले तर चालेल का? (रत्नागिरी)

त्याचा पासपोर्ट कोणता, यावर सगळे आहे. भारतीय पासपोर्ट असेल, ग्रीन कार्ड असले तरी, तो भारतीय नागरिक. त्याने स्वतःच्या खात्यातून थेट संस्थेला द्यावे, ते विदेशी योगदान ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरी, तो विदेशी स्रोत आहे. मग संस्थेला एफसीआरए (विदेशी योगदानाच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरावीक खात्यातच यायला हवी. तुमच्या खात्यातून फिरवली तरी ती कायद्याने विदेशीच राहते आणि अडचणीत येते ती संस्था.

प्रश्न : देहदान केले म्हणजे संशोधनाला मदत झाली ना? (अमरावती)

मुख्यतः शिक्षणाला. देह शरीररचनाशास्त्र विभागात जातो आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्यावर शिकतात. काही ठिकाणी शल्यचिकित्सक नव्या शस्त्रक्रियांचा सराव करतात. फॉर्म भरला तरी शेवटचा शब्द वारसांचा असतो, म्हणून मुलांच्या सह्या घेताना त्यांच्याशी बोला, नुसती सही नको. शवविच्छेदन झालेला देह किंवा काही संसर्गजन्य आजार असलेल्याचा देह घेतला जात नाही. नेत्रदान आधी केले तरी देहदान होते. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला (नमुना ४ए) लागतो, तो मिळायला रात्री उशीर होतो. विभागाचा फोन सुटीच्या दिवशी कोण उचलते, हे आजच विचारून फॉर्मच्या मागे लिहून ठेवा.